तहान लागण्यापूर्वी विहीर

शास्त्रपाठ : दानीएल ६:१०, १ शमुवेल १७:३४-३७, मत्तय २६:४०, ४१



तहान लागल्यावर विहीर खणावयास बसू नये, हे वाडवडिलांचे सांगणे काष्टी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतील मनुष्यास निराळे समजावून देण्याची गरज नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी डोळ्यांनी पाहिला, किंवा खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेल्या आईबापांच्या तोंडून ऐकला, त्यांस पक्के ठाऊक आहे की, वैशाखात आटलेल्या आडाशी उभे राहून जो पहिल्याने पहार हाती घेतो, त्यास त्या वर्षी तरी पाणी मिळत नाही. विहीर सुकाळात खणावी लागते. हाताला काम असते, पोटात अन्न असते आणि शेजारी हसत असतात, तेव्हाच खणावी लागते.

परंतु जी गोष्ट पाण्याविषयी आपणांस इतकी स्पष्ट कळते, ती विश्वासाविषयी मात्र कळत नाही. आपण म्हणतो, "आज सर्व ठीक चालले आहे, छळ आला, आजार आला, मरण आले, म्हणजे प्रभूला हाक मारू, आणि तो त्या वेळी धैर्य देईल." प्रभु दयाळू आहे, आणि अकराव्या घटकेची हाकही तो ऐकतो, ह्यात संशय नाही. तरी पवित्र शास्त्र नीट वाचले असता असे दिसते की, देवाने आपल्या लोकांस मोठ्या प्रसंगाचे धैर्य बहुधा त्या प्रसंगाच्या पुष्कळ आधी, लहानसहान दिवसांत, कोणी पाहत नसताना दिले. ह्या एका गोष्टीचा आज आपण विचार करू.

पहिला दाखला दानीएलाचा घ्या. सिंहांच्या गुहेची गोष्ट आपल्या मुलांसही पाठ आहे. परंतु त्या अध्यायाच्या दहाव्या वचनात एक लहानशी खूण आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. राजाचा हुकूम निघाला, त्याजवर सही झाली, हे कळल्यावर दानीएल घरी गेला आणि त्याने दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना केली. आणि शास्त्र मुद्दाम सांगते की, ही त्याची आधीपासूनची वहिवाट होती. म्हणजे त्या दिवशी त्याने नवीन काहीच केले नाही! ज्या खिडकीशी तो बसला ती खिडकी आधीच उघडी होती. ज्या जमिनीवर गुडघे टेकले ती त्याच्या गुडघ्यांस ओळखीची होती. त्याच्या शत्रूंसही ही वहिवाट माहीत होती. म्हणून तर त्यांनी सापळा नेमका तेथेच लावला. आम्ही स्वतःस व तुम्हांस एक प्रश्न विचारतो. आमचा कोणी वैरी असा सापळा लावू म्हणेल, तर आमच्या प्रार्थनेची वेळ व जागा त्यास सापडेल काय?

आणि दानीएलास हे धैर्य सिंहांच्या दाराशी मिळाले नाही. त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तो पोरगा असताना, परदेशी, बंदिवान, राजाच्या ताटातील अन्न पुढे आले तेव्हा त्याने मनाचा निश्चय केला. तेथे सिंह नव्हते. केवळ भाजीपाला आणि पाणी ह्यांची गोष्ट होती. जो ताटापुढे ठाम राहण्यास शिकला, तोच पुढे केस पिकल्यावर सिंहांपुढे ठाम राहिला.

दुसरा दाखला दावीदाचा. शौल राजाने त्याच्याकडे पाहिले आणि त्यास पोर समजला. तेव्हा दावीदाने आपल्या शौर्याच्या बढाया मारल्या नाहीत; बापाची मेंढरे राखीत असता सिंह व अस्वल आले, आणि परमेश्वराने आपणांस त्यांच्या तावडीतून सोडविले, एवढेच त्याने सांगितले. त्या रानात टाळ्या वाजवावयास कोणी नव्हते. एक कोकरू गेले असते तर बापानेही फारसे विचारले नसते. आपल्या भागात उन्हाळ्यात वाडे घेऊन हिंडणारे धनगर आपण पाहतो. रात्री कुत्रा भुंकला की अंगावरचे घोंगडे टाकून अंधारात उठणारा मेंढपाळ आपणांस परका नाही. एका कोकरासाठी उठणे ही दावीदाची शाळा होती. गल्याथ हा त्या शाळेच्या परीक्षेचा दिवस होता.

तिसरा दाखला पेत्राचा, आणि तो आमच्या अधिक जवळचा आहे, कारण तो पडलेल्या मनुष्याचा आहे. पेत्राचे प्रभूवर प्रेम नव्हते असे नाही. मरणापर्यंत बरोबर येईन, हे त्याचे बोलणे खोटे नव्हते. परंतु ते बोलण्यापुरतेच होते. गेथशेमाने बागेत प्रभूने त्यांजकडे एक तासाचे जागरण मागितले, आणि ते झोपी गेले. पुढे अंगणातील विस्तवाशी एका दासीने सहज विचारले, आणि पेत्राची जीभ फिरली. लोक म्हणतात, पेत्र विस्तवाशी पडला. आम्ही म्हणतो, तो बागेतच पडला होता. विस्तवाशी ते दिसून आले इतकेच.

आता हेच सत्य आपल्या मुलुखात एकदा किती मोठ्या प्रमाणावर दिसून आले ते सांगू. काष्टीहून आगगाडीने दौंडास जावे, आणि तेथून पुण्याच्या वाटेस लागले की केडगाव लागते. नगरशेजारचे केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातले. तेथील पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे नाव आपल्या मंडळ्यांत कोणास ठाऊक नाही? परंतु ते मिशन कसे उभे राहिले ह्याचा क्रम लक्षात घ्या.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्या तरुण वयात असतानाच, १८७४ च्या सुमारास, दुष्काळाने त्यांचे वडील, आई व बहीण थोड्या महिन्यांच्या अंतराने हिरावून नेली. पुढे १८८० त भाऊ गेला, १८८२ त पती गेले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८८९ साली मुंबईस शारदासदन काढले. ते पुढल्या वर्षी पुण्यास आले. १८९३ साली त्या सदनाविषयी मोठा गवगवा झाला, आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. अमेरिकेतील मित्रमंडळाने मदत करण्याचे वचन दहा वर्षांपुरतेच दिले होते. ती मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न रमाबाईंपुढे उभा होता. त्यांनी मुदत संपण्याची वाट पाहिली नाही. संस्थेस स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून त्यांनी प्रार्थना केली, केडगावास माळाची जमीन घेतली, तेथे विहिरी खणविल्या आणि फळझाडे लावली. त्या वेळी पाहणाऱ्यास वाटले असेल की, विद्वान बाई, संस्कृताच्या पंडिता, आणि ह्या ओसाड माळावर झाडे लावीत बसल्या आहेत!

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या, कारण उपाशी पोराचे डोळे कसे दिसतात हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आणि तेथून त्यांनी शेकडो मुली व तरुण विधवा आणल्या. इतक्यात पुण्यास प्लेग सुरू झाला, आणि नव्या मुली शहरात ठेवण्याची मनाई झाली. आता ह्या मुली न्याव्या कोठे? केडगावचे शेत तयार होते. विहिरींस पाणी होते. आधी तंबू, मग झोपड्या, मग इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांतून मुक्ती मिशन झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या, आणि तेथील वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. बंधूंनो, दुष्काळ पडल्यावर जर त्या जमीन शोधावयास निघाल्या असत्या, तर दया मनात असूनही हात रिकामे राहिले असते.

आणि त्यांचे शेवटचे कामही असेच होते. साध्या बायामाणसांस समजेल असे पवित्र शास्त्र मराठीत असावे म्हणून त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि वर्षानुवर्षे, रोज थोडे थोडे, भाषांतर केले. १९२१ साली त्यांची एकुलती कन्या मनोरमाबाई वारली. एवढ्या घावाखाली दुसरे कोणी मोडून पडले असते. रमाबाई आपल्या भाषांतराच्या कामावर राहिल्या, आणि ते पुरे करूनच १९२२ च्या एप्रिलात प्रभूकडे गेल्या. रोजच्या कामाने त्यांस दुःखाच्या दिवशी धरून ठेवले.

कोणी म्हणेल, "रमाबाई थोर, आम्ही मजूर माणसे. आमची परीक्षा कोठे होणार?" तर मग काष्टीच्या शनिवारच्या बाजारातच चला. घोड आणि भीमा ह्यांच्या काठच्या गावांतून, दौंडाकडून आणि नगराकडून तेथे बैल येतात. घेणारा दात पाहतो, चालवून पाहतो, पाठीवर हात फिरवून पाहतो, आणि रुमालाखाली बोटे धरून सौदा होतो. समजा, आपल्यापैकी कोणाचा बैल वरून देखणा आहे, परंतु चढाला बसतो. ही खोड विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास नाही. रुमालाखालची बोटे कोणास दिसत नाहीत. तेथे पाळक नाही, मंडळी नाही. त्या वेळी खरे सांगितले तर काही हजारांचे नुकसान आहे. न सांगितले तर रविवारी उपासनेला तोच हात दानपात्रात पैसे टाकणार आहे. आम्ही म्हणतो, हेच दावीदाचे अस्वल होय. येथे जो जिंकला तो उद्या मोठ्या प्रसंगी उभा राहील. येथे जो रोज हरतो, त्याने गल्याथाची चिंता करू नये, कारण गल्याथाने त्याच्याकडे येण्याची गरजच उरली नाही.

त्याच बाजारात आणखी एक धडा आहे. नवा गोऱ्हा कोणी पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपीत नाही. त्यास जुन्या, समजूतदार बैलाच्या जोडीला लावतात, रिकामी गाडी ओढावयास देतात. आणि त्या बैलाच्या चालीने चालता चालता गोऱ्ह्याची मान तयार होते. आपल्या प्रभूने आपले जू घ्यावयास सांगितले, ते बहुधा आपण एकट्याने वाहावयाचे ओझे समजतो. परंतु जुवाला दोन बाजू असतात. एका बाजूस तो आहे. आजच्या हलक्या दिवसांत त्याच्या चालीशी चाल मिळविली, म्हणजे चढ आला असता आपण एकटे ओढीत नाही हे मानेला कळते.

घरात आणि मंडळीतही हीच शाळा आहे. जातीचा भेद घ्या. लक्ष्मीबाई टिळक आपल्याच नगर जिल्ह्यात वावरल्या. त्यांचे पती नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो पाच वर्षांनी, १९०० साली घेतला. मधल्या काळात सोवळ्याओवळ्याचा विचार त्यांच्या मनातून एका रात्रीत गेला नाही. पाण्याच्या एकेका घोटाशी, पंक्तीच्या एकेका ताटाशी त्या स्वतःशी झगडल्या, आणि त्या झगड्याचे वर्णन त्यांनी 'स्मृतिचित्रे' ह्या पुस्तकात किती मोकळ्या मनाने केले आहे! आज आपल्या मंडळ्यांत एका मेजावरून प्रभुभोजन घेऊनही सोयरीक जुळविताना आजोबांची जात विचारली जाते. ही गोष्ट आम्ही दुखविण्यास लिहीत नाही. परंतु ज्या मंडळीने आतला हा लहान भेद रोज थोडा थोडा झिजविला नाही, ती बाहेरून दाब आला असता एक होऊन कशी उभी राहील?

आता एका अवघड गोष्टीकडे वळू, कारण ती टाळून धैर्याविषयी बोलणे हे ढोंग होईल. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या गेल्या. पुढे १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बंधूंस त्यांत घेतले. ख्रिस्ती झालेल्यांस मात्र घेतलेले नाही. ह्यामुळे मुलाचे नाव शाळेत घालताना, किंवा दाखला काढताना, गरीब बापाची लेखणी धर्माच्या रकान्याशी थांबते. एका बाजूस मुलाची फी, वसतिगृह, नोकरी. दुसऱ्या बाजूस दोन अक्षरांची साक्ष. हा आदेश बदलावा म्हणून सनदशीर मार्गाने दाद मागणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, आणि तो बजावण्यात अविश्वास नाही. तसेच ज्याची लेखणी त्या रकान्याशी डळमळली, त्या बंधूचा न्याय करण्यास आम्ही बसलो नाही. ज्याने ते ओझे कधी उचलले नाही, त्याने बोट दाखवू नये.

परंतु दोन गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे. एक ही की, कागदावर एक आणि अंतःकरणात दुसरे असे जगणे मनुष्यास आतून पोखरते, आणि मुले ते पाहून शिकतात. तो निर्णय कारकुनाच्या टेबलाशी करावयाचा नसतो. तेथे फक्त तो लिहावयाचा असतो. घरात, प्रार्थनेत, नवराबायकोने मिळून, मुलांस समोर बसवून, तो वर्षभर आधी करावयाचा असतो. दुसरी ही की, मंडळीने एका गरिबास "धैर्य धर" असे म्हणावे आणि त्याच्या मुलाची फी भरण्याच्या वेळी डोळे मिटावे, हे ख्रिस्ताच्या शरीरास शोभत नाही. प्रत्येक चुलीशी रोज स्वयंपाकापूर्वी मूठभर धान्य बाजूस काढले, सुगीत त्याचे पैसे केले, आणि ते मुलांच्या शिक्षणासाठी वेगळे ठेवले, तर एखाद्या बापाची लेखणी थरथरणार नाही. दानीएलाबरोबरही त्याचे तीन सोबती होते. धैर्य हे एकट्याने कमविण्याचे धन नव्हे. ते मंडळीचे सामाईक कोठार होय.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस एक विशेष विनंती आहे. तुम्ही संकटाच्या घरी धावून जाता, मयताच्या अंगणात रात्र काढता, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या घरी आज काही दुःख नाही, त्या घरीही जा. लग्नाच्या मांडवात दारूची गोष्ट निघण्याच्या आधी नवरदेवाच्या बापाशी बोला. भावकीची जत्रा येण्याच्या आधी नव्या विश्वासणाऱ्यास समजावून सांगा की, भावकीशी भांडावयाचे नाही, मान खाली घालावयाचीही नाही; प्रेमाने हजर राहावयाचे, पाहुण्यांस पाणी द्यावयाचे, आणि जेथे मन साक्ष देत नाही तेथे नम्रपणे "मला माफ करा" असे म्हणावयाचे. हे वाक्य आयत्या वेळी सुचत नाही. ते आधी तोंडात बसवावे लागते. आणि लोकांकडून वचने पाठ करून घ्या. डोळे अधू होतात, इस्पितळात खाटेवर पुस्तक धरवत नाही, दिवे जातात; परंतु जे अंतःकरणात साठविले ते अंधारातही वाचता येते.

सर्वांस सांगावयाचे तेही थोडेच आहे. पहाटे धार काढावयास उठता, त्याच्या आधी पाच मिनिटे प्रभूशी बोला. रात्री मुले झोपण्यापूर्वी एक उतारा वाचा; वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचवून घ्या. आठवड्यातून एक खरे बोला, ज्याने आपले नुकसान होते. एका मनुष्यास क्षमा करा, ज्यास करू नये असे वाटते. ह्यात मोठे काय आहे? काहीच नाही. श्रीगोंद्याकडे ज्यांनी लिंबाची बाग लावली त्यांस विचारा. रोप लावल्यावर कित्येक वर्षे नुसते पाणी घालावे लागते, आणि पाहणाऱ्यास काटेच दिसतात. ज्याने त्या वर्षांत पाणी घातले, त्याच्याच बागेत पुढे तोडणी होते.

शेवटी एक इशारा, नाहीतर आमचे सर्व बोलणे उलटे समजले जाईल. विहीर आपण खणतो, परंतु झरा आपण करीत नाही. कितीही पहारी मारल्या, तरी खडकाखाली पाणी देवानेच ठेवलेले असावे लागते. आपली प्रार्थना, आपला नेम, आपला खरेपणा हा झरा नव्हे. तो केवळ खड्डा आहे, ज्यात त्याची कृपा साठते. शोमरोनी बाईशी विहिरीच्या काठी बोलताना प्रभूने ज्या जिवंत पाण्याची गोष्ट काढली, ते पाणी त्याचे दान आहे. म्हणून कोणी आपल्या खोल विहिरीचा गर्व करू नये, आणि ज्याची अद्याप एक हातही खणून झाली नाही, त्यानेही निराश होऊ नये.

आणि ज्यांची मान एखाद्या अंगणात, एखाद्या विस्तवाशी, खाली गेली आहे, त्यांनी योहानाचा एकविसावा अध्याय वाचावा. तेथेही विस्तव पेटलेला आहे; परंतु तो प्रभूने पेटविला आहे, त्याजवर मासळी भाजत आहे, आणि पेत्रास बोलावणे आहे. तीन वेळा नाकारणाऱ्यास तीन वेळा प्रेमाविषयी विचारून प्रभूने त्याच्या हाती मेंढरे दिली. जो बागेत एक तास जागला नाही, तोच पुढे तुरुंगात बेड्या असताना, दुसऱ्या दिवशी मरण समोर दिसत असताना, निर्धास्त झोपला. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात हे लिहिले आहे. भीतीने आलेली झोप आणि विश्वासाने आलेली झोप ह्यांच्या मध्ये पेत्राच्या आयुष्यातील कित्येक साधे दिवस गेले होते. तेच साधे दिवस आज तुमच्याआमच्या हाती आहेत.

येत्या शनिवारी बाजार आहे, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी उपासना. मधल्या सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पहार हाती घेऊ या. जो सर्व कृपेचा देव, तो आपल्या खणण्यास झरा देवो, आणि संकटाच्या दिवशी आपल्या आडातून शेजाऱ्याचीही घागर भरो. आमेन.